इमारतीतून भूमिती: एका जुन्या पद्धतीची पार्श्वभूमी

पिरॅमिडचा फोटो, घुमटाचा फोटो आणि खाली प्रश्न: ‘यात कोणकोणते आकार दिसतात?’ ऐतिहासिक वास्तूंमधून भूमिती शिकवायची म्हटली की बहुधा सुरुवात इथूनच होते, आणि पुष्कळदा गाडी तिथेच थांबते. या पद्धतीला ‘अभिनव उपक्रम’ म्हणायची रीत पडली आहे. खरे तर ती भूमितीच्या पुस्तकांहून जुनी आहे. फक्त जुन्या काळी प्रश्न वेगळा होता: हे उभे कसे करायचे?

इ.स.पू. १५५०च्या सुमारास आह्मेस नावाच्या लेखनिकाने नकलून ठेवलेल्या ऱ्हिंड पपायरस या इजिप्ती गणिताच्या हस्तलिखितात पिरॅमिडच्या उतारावरची गणिते आहेत. इजिप्तमध्ये उतार अंशांत मोजत नसत. एक हात उंची चढली की बाजू आत किती सरकते, हे ते तळव्यांच्या रुंदीत सांगत. सात तळव्यांचा एक हात. ५६व्या उदाहरणात पाया ३६० हात आणि उंची २५० हात दिली आहे. अर्धा पाया १८०, त्याला २५०ने भागून सातने गुणले की उत्तर येते पाच पूर्णांक एक पंचविसांश तळवे. शाळेत ज्याला आपण ‘कॉट’ म्हणतो, तेच हे गुणोत्तर. गिझाचा मोठा पिरॅमिड या पपायरसहून हजारेक वर्षांनी जुना, पण त्याचा उतारही याच मापाने सुबक साडेपाच तळवे भरतो, म्हणजे सुमारे ५१.८ अंश. पाथरवटाला कोनमापकाची गरजच नव्हती. सात तळवे उभे, साडेपाच आडवे, की दगडाचा तोंडवळा ठरला.

भारतात शुल्बसूत्रांच्या नावातच दोरी आहे. ‘शुल्ब’ म्हणजे दोरी. कर्णावरच्या चौरसाचा नियम बौधायनाने सांगितला तो यज्ञवेदी आखण्याच्या ओघात, खुंट्या ठोकता ठोकता.

मग इ.स.पू. ३००च्या सुमारास युक्लिड आला आणि भूमितीतून इमारत बाहेर गेली. त्याच्या ग्रंथात ना माप, ना दगड. त्याची पहिलीच रचना म्हणजे दोन वर्तुळे काढून समभुज त्रिकोण. त्या दोन वर्तुळांचे वरचे कंस तेवढे ठेवा, की गॉथिक चर्चची टोकदार कमान तयार! पुढे शेकडो गवंड्यांनी ती आकृती सिद्धतेवाचून वापरली, आणि शेकडो विद्यार्थ्यांनी कमान न बघता तिची सिद्धता पाठ केली. ही फारकत फार काळ टिकली.

अपवाद होते. इस्तंबूलची हागिया सोफिया (इ.स. ५३२ ते ५३७) अँथेमियस आणि इसिडोर या दोघांनी उभारली, आणि दोघेही मुळात भूमितीचे जाणकार. त्यांच्यापुढची अडचण वर्गात आजही जशीच्या तशी ठेवता येते: खाली चौरस, वर वर्तुळ, मधे काय? त्यांचे उत्तर असे. चौरसाचे चारही कोपरे ज्याच्या पृष्ठभागावर येतील असा मोठा गोल कल्पा. चार बाजूंवर उभे काप द्या, मग कमानींच्या माथ्याला लागून एक आडवा काप द्या. कोपऱ्यांवर चार वक्र त्रिकोण उरतात आणि त्यांच्या वरच्या कडा जुळून पूर्ण वर्तुळ होते. अर्धा रबरी चेंडू आणि कटर घेतला तर पाच मिनिटांत हे हातात येते; फळ्यावर काढायला जाल तर तास संपेल. सुमारे ३१ मीटर व्यासाचा तो पहिला घुमट ५५८ साली कोसळला. नंतरचा अधिक उंच केला, कारण चपटा घुमट भिंतींना बाहेर जास्त रेटतो.

अकराशे वर्षांनी विजापूरच्या गोल घुमटाने (१६५६) याच प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. एका चौरसावर दुसरा चौरस ४५ अंशांनी फिरवलेला, त्यांच्या बाजूंवर एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी, आणि मधे उरलेला अष्टकोन. चौरसापेक्षा अष्टकोन वर्तुळाच्या कितीतरी जवळचा. एका प्रश्नाची ही दोन उत्तरे शेजारी ठेवली की आकार ओळखण्याचा खेळ फिका पडतो.

दहाव्या शतकात बगदादच्या अबुल वफाने कारागिरांसाठी भूमितीचे पुस्तक लिहिले. कारागीर आणि भूमितिज्ञ यांच्या बैठकीचा किस्सा त्यात आहे. प्रश्न होता तीन सारख्या चौरसांचा एक चौरस करण्याचा. कारागिरांची रीत दिसायला बरोबर, पण मोजल्यावर चुकीची. भूमितिज्ञांना सिद्धता यायची, पण फरशी कापून कुठे दाखवता यायची? अबुल वफाने दोन चौरस कर्णावर कापले, चार त्रिकोण तिसऱ्याभोवती भिंगरीसारखे लावले, काटकोनांचे शिरोबिंदू जोडले आणि बाहेर आलेले तुकडे आतल्या रिकाम्या जागांत बसवले. कागद-कात्रीने करण्याजोगी कृती याहून चांगली सापडणे कठीण.

इटलीतल्या मिलान कॅथेड्रलची कथा तर वर्गासाठीच घडल्यासारखी. रुंदी ९६ ब्रॅच्चा (तिथले लांबीचे माप), आणि उंची समभुज त्रिकोणावर बेतायची. १३९१ साली पियाचेन्झाहून स्टोर्नालोको या गणितज्ञाला बोलावले. ९६च्या त्रिकोणाची उंची येते ८३.१४च्या आसपास, वर्गमूळ तीनमुळे कधीच नेमकी न संपणारी. गवंडी दोरीवर वर्गमूळ कसे मोजणार? त्याने ८४ सुचवले, म्हणजे १४चे सहा सारखे टप्पे. पुढच्या वर्षी वाद वाढला, वरच्या भागासाठी ३-४-५चा त्रिकोण आला आणि उंची ७६वर उतरली. अपरिमेय संख्या का छळतात हे सांगायला मला तरी याहून चांगले उदाहरण माहीत नाही.

शाळांत या गोष्टी परत आल्या त्या उशिरा. फ्रान्समध्ये गास्पार मोंजने दगड कापण्याच्या जुन्या कौशल्यातून वर्णनात्मक भूमिती (घन वस्तू सपाट कागदावर अचूक काढण्याची रीत) घडवली आणि १७९५ साली ती पॅरिसमध्ये भावी शिक्षकांपुढे मांडली. १९०१ साली ब्रिटनमध्ये जॉन पेरीने युक्लिडच्या घोकंपट्टीवर हल्ला चढवला. १९१२ साली अमेरिकेत मेबल साइक्स यांनी खिडक्यांची जाळी, फरशी आणि कमानी यांवरच्या भूमितीच्या प्रश्नांचा संग्रहच काढला. १९५७ साली नेदरलँड्सच्या व्हान हिले दाम्पत्याने दाखवले की मूल आधी आकार नुसता ओळखते, मग त्याचे गुणधर्म पाहते आणि तर्काकडे त्यानंतर वळते. वास्तूंच्या वापराला त्यामुळे शैक्षणिक आधार मिळाला. दुर्दैवाने पुष्कळांनी त्यातली पहिलीच पायरी उचलली.

आणि मग सुवर्ण गुणोत्तर, म्हणजे सुमारे १.६१८ हे प्रमाण. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या फोटोवर या प्रमाणातला सोनेरी आयत चिकटवलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. पण या गुणोत्तराला ‘सुवर्ण’ हे विशेषण छापील रूपात मिळाले १८३५ साली, आणि जिथे-तिथे ते शोधण्याची हौस १८५४च्या त्साइझिंगच्या लिखाणानंतर बळावली. फोटोत चौकट कुठून धरायची, पायऱ्या मोजायच्या की सोडायच्या, हे आपल्या सोयीने ठरवले की हवा तो आकडा निघतो. त्यापेक्षा मुलांना नुसती मापे द्यावीत: खांब ज्या जोत्यावर उभे आहेत त्याची लांबी सुमारे ६९.५ मीटर, रुंदी ३०.९. भागाकार त्यांनीच करावा. २.२५ येतो, म्हणजे ९ आणि ४ यांचे प्रमाण; १.६१८ कुठेच नाही.