वाघाटी जंगलातली की शेताशेजारची? जरा मागचं बघू

ऊसतोड सुरू झाली की जुन्नर, नाशिक बाजूला दर सीझनला फोटो फिरतातच, फडात बिबट्याची पिल्लं सापडली म्हणून. त्यातली काही बिबट्याची नसतातच, वाघाटीची असतात. पूर्ण वाढलेली वाघाटी जेमतेम एक-दीड किलोची, जगातल्या सगळ्यात छोट्या रानमांजरांपैकी एक, आणि भारत, श्रीलंका, नेपाळ सोडून कुठेच सापडत नाही.

शास्त्रीय जगाला ती कळली १८३१ मध्ये, पाँडिचेरीहून गेलेल्या नमुन्यावरून, नाव दिलं जफ्रुआ सेंट-इलेर या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानं. पण खरी मजा पुढे आहे. टी. सी. जर्डन म्हणून एक इंग्रज डॉक्टर होता, मद्रासकडे नोकरीला, त्याच्याकडे १८४६ मध्ये कोणीतरी वाघाटीचं पिल्लू आणून दिलं आणि ते चांगलं माणसाळलं. आठ महिन्यांचं झालं तेव्हा यानं ते हरणाच्या पाडसाच्या खोलीत सोडलं तर दिसताक्षणी झेप घालून मानगूटच पकडली, सोडवता सोडवता नाकीनऊ! याच जर्डननं १८६७ मध्ये लिहून ठेवलंय की ही राहते कोरड्या तळ्यांतल्या गवतात, झुडपात, गावांच्या आसपास, दाट जंगलात राहणारी नव्हेच.

म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच माहीत होतं. तरी नंतर बराच काळ ती फक्त दक्षिण भारत आणि श्रीलंकेतली दुर्मिळ मांजर असंच चालत आलं, कारण रात्री फिरणारं एवढंसं जनावर दिसणार कोणाला? मग गीर, ताडोबा, मेळघाट अशा नोंदी वाढत गेल्या आणि २०१२ मध्ये तर कॅमेरा ट्रॅपमुळे (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) उत्तर प्रदेशातलं पिलिभीत आणि नेपाळचं बर्दियापण यादीत आलं. श्रीलंकेत मात्र ती पावसाच्या जंगलातही आहे, त्यामुळे एकच नियम लावता येत नाही.

आपल्याकडे मधल्या काळात धरणं झाली, कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांचं पाणी आलं, जिथे माळ आणि बाभळी-बोरीची झुडपं होती तिथे ऊस उभा राहिला. वाघाटीला आडोसा मिळाला, उंदीर तर ढिगानं, ती तिथेच विणते. पण फड तोडला की घर गेलं, आणि लोक पिल्लं उचलून आणतात (हेतू चांगला असतो, पण नका ना उचलू). हल्ली वनखात्याची माणसं पिल्लं त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, रात्री आई येऊन एकेक करून घेऊन जाते.

वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिला वाघाच्या बरोबरीचं, पहिल्या शेड्यूलचं संरक्षण आहे, आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत संकटाच्या उंबरठ्यावर म्हणून नोंद आहे. पण ती राहते त्या झुडपी माळाला सरकारी नकाशात पडीक जमीन म्हणतात, मग तिथे लेआउट पडला काय नि सोलर प्लांट आला काय, वाघाटीचा विचार कोण करतंय.