गरिबीचा वारसा आणि पहिले हजार दिवस

दोन वर्षांच्या आतल्या मुलाची उंची मोजायला दोन माणसं लागतात. मुलाला फळीवर आडवं झोपवायचं. एकाने डोकं वरच्या टोकाला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती पट्टी तळव्यांना भिडवायची. उभं करून मोजलं तर आकडा सरासरी 0.7 सेंटीमीटरने कमी भरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006च्या मानकांनुसार 24 महिन्यांच्या मुलग्याची मध्यक लांबी 87.8 सेंटीमीटर. 81.7च्या खाली गेला, तर त्याची वाढ खुंटली असं धरतात. मधलं अंतर जेमतेम सहा सेंटीमीटरचं, आणि वय लिहिताना दोन महिन्यांचा घोळ झाला तर त्यातले जवळपास दोन तिथेच जातात.

नुसत्या वजनकाट्यावर ही खुंटलेली वाढ नीट कळत नाही. असं मूल हाडकुळं दिसेलच असं नाही. ते फक्त वयाने लहान वाटतं. आणि आजूबाजूची सगळीच मुलं तशी असतील तर आईलाही त्यात काही खटकत नाही.

उंची कमी राहिली म्हणून माणूस गरीब होत नाही. पण ज्या कारणांनी हाडांची वाढ थांबते, त्याच कारणांनी मेंदूचीही ओढाताण झालेली असते. गर्भाचे 270 दिवस आणि पुढची दोन वर्षं, असे मिळून हे हजार दिवस होतात. जन्मतः मेंदू प्रौढ मेंदूच्या साधारण पाव वजनाचा असतो. दोन वर्षांत तो तीन चतुर्थांशाच्या आसपास पोचतो. चार-पाच वर्षांच्या मुलाचं शरीर दिवसभरात जेवढी ऊर्जा वापरतं, त्यातली चाळीस टक्क्यांहून जास्त एकटा मेंदू खातो. घरात अन्न कमी, वरून दर महिन्याला जुलाब, अशा स्थितीत काटकसर कुठे ना कुठे होणारच.

लोहाचं उदाहरण घ्या. चेतातंतूंवर जे वेष्टन चढतं, ते चढवायला लोह लागतं. वेष्टन नीट नसेल तर संदेश संथ जातो. लोह कमी असलेलं आतडं शिसंही जास्त शोषतं, आणि पोटात गेलेलं शिसं लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट मुरतं. शिसं असलेल्या जुन्या रंगाचे पोपडे निघालेल्या घरात राहणारं मूल आणि लोहाची कमतरता असलेलं मूल अनेकदा एकच असतं. गरिबीतली संकटं अशी एकमेकांना मिळालेली असतात. म्हणूनच एकेक सुटं हाताळून फारसं काही हाती लागत नाही. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेत संडास, हात धुणं आणि पाणी यांवर मोठे प्रयोग झाले. 2018-19मध्ये निकाल आले, आणि मुलांची उंची त्याने वाढली नव्हती. आहार सुधारला तिथे थोडी वाढली. संडास निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नाही. ज्या अंगणात कोंबड्या फिरतात आणि मूल रांगतं, तिथली घाण एका संडासाने हटत नाही, एवढाच अर्थ मला त्यातून दिसतो.

मग पोटभर खायला घातलं तर? ग्वाटेमालात 1969 ते 1977 या काळात चार गावांत हे करून पाहिलं. दोन गावांत प्रथिनयुक्त पेज दिली, दोन गावांत प्रथिनं नसलेलं गोड पेय. मुलं मोठी होऊन कमावू लागली तेव्हा तपासलं, तर पहिल्या दोन वर्षांत पेज मिळालेल्या पुरुषांची तासाची मजुरी 46 टक्क्यांनी जास्त निघाली. वयाच्या तीन वर्षांनंतर जे पेज प्यायले, त्यांच्या मजुरीत असा फरक आढळला नाही. पेज तीच, गाव तेच. चुकली ती वेळ.

खाण्याइतकीच निर्णायक असलेली दुसरी गोष्ट मात्र आहाराच्या योजनांमध्ये हमखास राहून जाते. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये 1986-87 साली वाढ खुंटलेली 129 मुलं निवडली, वय 9 ते 24 महिने. चार गट केले: एकाला आठवड्याला एक किलो दुधाची पावडर, दुसऱ्याला आठवड्यातून तासभर गृहभेट, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं. भेटीला येणारी बाई डॉक्टर किंवा शिक्षिका नव्हती, प्रशिक्षण घेतलेली आरोग्यसेविका होती. टाकाऊ डबे-बाटल्यांपासून केलेली खेळणी ती घेऊन यायची, आईला खेळ दाखवायची, वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायला लावायची, खेळणी आठवडाभर घरात ठेवायची आणि पुढच्या खेपेला बदलून न्यायची. वीस वर्षांनी पाहिलं तर गृहभेटींच्या गटाची कमाई 25 टक्क्यांनी जास्त होती, आणि वाढ न खुंटलेल्या मुलांची बरोबरी त्यांनी साधली होती. नुसत्या दुधाचा परिणाम तोवर पुसला गेला होता.

हे काम बिघडतं कुठे, तेही ठाऊक आहे. भेट देणारी स्वतःच मुलाशी खेळत बसते आणि आई कौतुकाने बघत राहते; मग उरलेले सहा दिवस घरात काहीच होत नाही. दुसरं, खर्च वाचवायला भेटी कमी केल्या जातात. जमैकातच हेही मोजलं गेलं: दर आठवड्याच्या भेटीने ठळक फरक पडला, पंधरवड्याच्या भेटीने किरकोळ, महिन्यातून एका भेटीने काहीच नाही. कागदावर मात्र तिन्ही योजनांचं नाव ‘गृहभेट’ असंच असतं.

शाळेत पोचेपर्यंत ही दरी तयार झालेली असते, आणि शाळा ती सहसा रुंदावते. वर्ग पाठ्यपुस्तकाच्या वेगाने पुढे सरकतो. तिसरीत वाचता न येणाऱ्या मुलाला चौथीचा इतिहास वाचता येत नाही आणि गणिताचं शाब्दिक उदाहरणही कळत नाही. त्यात घरातलं कोणी आजारी पडलं की आधी थांबतं ते याच मुलाचं शिक्षण, कारण त्याच्या शाळेतून काही निष्पन्न होताना दिसत नसतं.

आईबापांच्या कमाईचा किती भाग मुलाला चिकटतो, हे अर्थशास्त्रज्ञ एका आकड्यात मांडतात: 0 म्हणजे काहीच नाही, 1 म्हणजे सगळा. डेन्मार्कमध्ये तो साधारण 0.15 आहे, अमेरिकेत 0.5च्या आसपास. बाप सरासरीच्या निम्मं कमवत असेल, तर 0.15च्या देशात मुलगा सरासरीच्या 90 टक्क्यांवर पोचतो. 0.5च्या देशात मुलगा 71वर, नातू 84वर, पणतू 92वर. आकडा सरासरीचा आहे, एखाद्या घराचं भविष्य त्यातून वाचू नये. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या 2018च्या हिशेबानुसार गरीब कुटुंबातल्या वंशजांना सरासरी उत्पन्नापर्यंत यायला डेन्मार्कमध्ये दोन पिढ्या, तर कोलंबियात अकरा पिढ्या लागतील.

राहण्याची जागा बदलली तरी वय आडवं येतंच. अमेरिकेत 1994 ते 1998 दरम्यान पाच शहरांतल्या सुमारे 4,600 गरीब कुटुंबांमध्ये सोडत काढून काहींना बऱ्या वस्तीत घर घेण्यासाठी भाड्याची मदत दिली. तेरा वर्षांच्या आत तिथे गेलेल्या मुलांची पंचविशीतली कमाई 31 टक्क्यांनी वाढली. त्याहून मोठ्यांना फायदा झाला नाही, उलट थोडा तोटाच दिसला. ऐन वयात मित्र आणि शाळा सुटल्याचा तो फटका असावा.

आणि वारशाचा सर्वांत थेट रस्ता आईच्या शरीरातून जातो. लहानपणी खुरटलेली मुलगी बुटकी बाई होते, आणि तिचं बाळ अडीच किलोच्या खाली जन्मण्याची शक्यता वाढते. स्त्रीची सगळी बीजं ती स्वतः गर्भात असतानाच तयार झालेली असतात. म्हणजे आज जन्मलेल्या बाळाचा अर्धा भाग एकेकाळी त्याच्या आजीच्या पोटात होता. ग्वाटेमालातल्या ज्या मुली लहानपणी ती पेज प्यायल्या, त्यांना पुढे मुलं झाली. त्या मुलांनी पेजेचा घोटही घेतला नव्हता. जन्माच्या वेळी ती सरासरी 116 ग्रॅमने जड होती, आणि पुढे मोजली तेव्हा 1.3 सेंटीमीटरने उंच निघाली.