मोटरचलित खिडकीपडदे

नळीवर गुंडाळले जाणारे आणि दोरीऐवजी विजेच्या मोटरीने वरखाली होणारे पडदे. मोटर बाहेर दिसत नाही. लांबट आकाराची ही मोटर पडद्याच्या नळीतच बसते. पडदा वर कुठे आणि खाली कुठे थांबायचा, हे बसवतानाच ठरवून दिलेले असते.

जुन्या मोटरी २३० व्होल्टवर चालत. त्यासाठी भिंत फोडून वायर न्यावी लागे. बेळगावातील शहापूर किंवा वडगावच्या जाड भिंतींच्या जुन्या घरांत हे काम कोण काढणार? लिथियम बॅटरीवरच्या कमी व्होल्टच्या मोटरी आल्या आणि ही अडचण संपली. एकदा चार्ज केली की अशी मोटर काही महिने चालते, आवाजही कमी करते. रिमोटचा रेडिओ संदेश थेट मोटरीला मिळतो. त्यामुळे लाइट गेली, घरातले वायफाय बंद पडले, तरी पडदा हलतो. फोनला किंवा आवाजाला दाद देणाऱ्या सोयींपेक्षा हा फरक इथे जास्त मोलाचा आहे.

वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट घरगुती उपकरणे एकमेकांशी जुळत नसत. ती जुळावीत म्हणून ऑक्टोबर २०२२मध्ये आलेल्या ‘मॅटर’ या सामाईक मानकात पहिल्या आवृत्तीपासूनच खिडकीच्या पडद्यांचा समावेश आहे.

बेळगाव जिल्ह्याची हवा मात्र एकसारखी नाही. सह्याद्रीला टेकलेल्या खानापूर तालुक्यात, विशेषतः कणकुंबीकडे, पाऊस लागला की दिवसेंदिवस उघडत नाही. तिथे ऊन अडवण्यापेक्षा ओल सांभाळणे महत्त्वाचे. सुती कापड दमट असतानाच गुंडाळले गेले तर त्यावर बुरशी धरते, म्हणून पीव्हीसीचा लेप दिलेले जाळीदार कापड बरे. अथणी पर्जन्यछायेत येते. तिकडे पश्चिमेच्या खिडकीतून दुपारनंतर येणारे ऊन हीच खरी डोकेदुखी. काचेच्या आत लावलेला पडदा ऊन अडवतो खरा, पण तोवर उष्णता घरात शिरलेली असते. बाहेरून लावलेला पडदा ती काचेपाशी पोचण्याआधीच अडवतो. आपल्याकडे व्हरांड्याला बाहेरून बांबूची चिक सोडत, ती याच हिशोबाने. बाहेरच्या मोटरचलित पडद्याला वाऱ्याचा संवेदक जोडता येतो; वारा वाढला की पडदा आपोआप वर गुंडाळला जातो. वळवाच्या वादळात चिक आवरायला धावणाऱ्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

लोंबती दोरी नसल्याने लहान मुलांच्या गळ्याला फास बसण्याचा धोकाही टळतो.