बार्सिलोनाहून घरी: रेसिंग होमरला रस्ता कसा सापडतो

दरवर्षी जुलैच्या सुरुवातीला बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, फ्रान्स अशा देशांतून कबुतरांनी भरलेले ट्रक स्पेनमधल्या बार्सिलोनाला येऊन थांबतात आणि हवामान बघून एका सकाळी सगळ्या बास्केटची दारं एकदम उघडली जातात. पंधरा-वीस हजार कबुतरं एकाच वेळी हवेत, आपापल्या घरी पोचायची शर्यत सुरू. तिथून बेल्जियम सरळ रेषेत हजार किलोमीटरच्या वर आहे, नेदरलँड्स त्याच्याही पुढे, वाटेत पिरेनीज पर्वत आणि मग जवळजवळ अख्खा फ्रान्स. रात्री बहुतेक कबुतरं कुठेतरी उतरून थांबतात त्यामुळे बेल्जियममधली पहिली कबुतरं साधारण दुसऱ्या दिवशी घरी येतात. अर्ध्या किलोपेक्षा कमी वजनाचा पक्षी हा, आणि यातल्या कितीतरी पक्ष्यांनी बार्सिलोना आयुष्यात पहिल्यांदाच बघितलेलं असतं, तेही बंद ट्रकमधून येऊन.

आपल्याकडे सिनेमे बघून असा समज झालाय की कबुतराच्या पायाला चिठ्ठी बांधली आणि पत्ता सांगितला की ते तिकडे जातं. तसं अजिबात नाही. होमर, म्हणजे घरी परतण्यासाठी खास पाळलेलं कबुतर, सहसा फक्त एकाच ठिकाणी जातं, स्वतःच्या ढाबळीत, म्हणजे राहत्या खुराड्यात. निरोप पाठवायचा असेल तर ज्याला निरोप हवाय त्याचं कबुतर आधी तुमच्याकडे आणून ठेवावं लागतं. 1850 मध्ये पॉल ज्युलियस रॉयटरने, ज्याने पुढे रॉयटर्स ही वृत्तसंस्था काढली, जर्मनीतल्या आखेन ते बेल्जियममधल्या ब्रसेल्स अशी शेअर बाजाराची बातमी कबुतरांनी पाठवली, कारण तेवढ्या पट्ट्यात तारेची लाइन नव्हती, तेव्हाही हेच करावं लागायचं, ब्रसेल्सची कबुतरं आधी आखेनला न्यायची आणि मग सोडायची.

रेसमध्ये पण म्हणूनच गंमत आहे. सुरुवात सगळ्यांची एकाच ठिकाणी पण फिनिश लाइन प्रत्येकाची वेगळी, ज्याच्या त्याच्या गच्चीवर किंवा अंगणात. मग जिंकलं कोण हे ठरवायला वेग काढतात, मीटर भागिले मिनिटं. समजा एकाची ढाबळ 500 किमीवर आहे आणि त्याचं कबुतर 400 मिनिटांत आलं, म्हणजे मिनिटाला 1250 मीटर. दुसऱ्याची 520 किमीवर, त्याचं 410 मिनिटांत आलं, म्हणजे साधारण 1268. कबुतर दहा मिनिटं उशिरा येऊनही दुसरा जिंकला. वेळ मोजायला पायात चिप असलेली रिंग असते आणि ढाबळीच्या दारातल्या पॅडवर पाय पडला की नोंद होते, म्हणजे छपरावर येऊन बसलेलं कबुतर अजून आलेलंच नसतं! पूर्वी पायातली रबरी रिंग काढून सीलबंद घड्याळात टाकायचे, त्यात कबुतर आत यायला तयार नसलं की मालकाचा जीव टांगणीला. खरी ओळखीची रिंग मात्र पिल्लू आठवडाभराचं असतानाच घालतात, पंजा मोठा झाला की ती निघतच नाही.

आता मुख्य प्रश्न. अनोळखी जागी सोडलेल्या पक्ष्याला दोन गोष्टी कळायला हव्यात, एक म्हणजे मी कुठे आहे आणि दुसरी म्हणजे उत्तर कुठे. नकाशा आणि होकायंत्र. जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव क्रामर यांनी 1950 च्या दशकात ही विभागणी मांडली आणि आजही सगळे त्याच पद्धतीने विचार करतात.

होकायंत्राचं उत्तर बऱ्यापैकी मिळालंय. पहिलं होकायंत्र म्हणजे सूर्य. पण सूर्य तर दिवसभर सरकत असतो, म्हणजे किती वाजलेत ते पण माहीत हवं. हे तपासायला एक फार सुंदर प्रयोग केला गेला. कबुतरांना काही दिवस बंद खोलीत ठेवून दिवे सहा तास मागेपुढे केले, म्हणजे त्यांच्या शरीरातलं घड्याळ सहा तासांनी चुकलं. मग उन्हात बाहेर सोडलं तर ती घराच्या दिशेपासून साधारण 90 अंश भलतीकडे निघाली, पाव दिवसाची चूक तर पाव वर्तुळाची चूक. आणि तीच चुकलेल्या घड्याळाची कबुतरं ढगाळ दिवशी सोडली तर बरोबर घराकडे! म्हणजे सूर्य नसेल तेव्हा दुसरं काहीतरी वापरात येतं. ते काय, हे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या विल्यम कीटन यांनी 1971 मध्ये दाखवलं. त्यांनी काही कबुतरांच्या पाठीवर छोटे चुंबक चिकटवले आणि बाकीच्यांच्या पाठीवर तेवढ्याच वजनाचे पितळेचे तुकडे, म्हणजे नुसत्या ओझ्याने फरक पडला असं कोणी म्हणू नये. ऊन असताना दोन्ही गट नीट निघाले. ढगाळ दिवशी चुंबकवाले गोंधळले, पितळवाले नाही.

इथेच बहुतेक जण थांबतात. "कबुतराच्या चोचीत चुंबक असतो" हे वाक्य तुम्ही पण कुठेतरी ऐकलं असेल. चोचीच्या वरच्या भागात लोह असलेल्या पेशी सापडल्या होत्या हे खरं, पण 2012 मध्ये डेव्हिड कीज यांच्या टीमने बारकाईने बघितलं तर त्या मज्जासंस्थेच्या पेशी नव्हत्याच, त्या मॅक्रोफेज निघाल्या, म्हणजे शरीरातली साफसफाई करणाऱ्या आणि लोहाचा पुनर्वापर करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी. त्याच वर्षी दुसऱ्या एका टीमला कबुतराच्या मेंदूत चुंबकीय क्षेत्राची दिशा आणि तीव्रता बदलली की प्रतिसाद देणाऱ्या पेशी सापडल्या. म्हणजे क्षेत्र जाणवतं हे नक्की, कुठल्या अवयवाने जाणवतं यावर अजून भांडण चालू आहे. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच, चुंबकाने उत्तर दिशा कळली तरी आपण बार्सिलोनात आहोत हे कसं कळणार? हातात होकायंत्र देऊन कोणी डोळे बांधून जंगलात सोडलं तर आपण काय करणार, तीच गत.

नकाशाचा सगळ्यात भक्कम पुरावा, माझ्या मते तरी, नाकाकडे जातो. इटलीत पिसा इथे फ्लोरियानो पापी यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं की वासाची जाणीव बंद केलेली कबुतरं अनोळखी जागेवरून घरी येऊ शकत नाहीत. तेव्हा यावर खूप जणांचा विश्वास बसला नाही, कारण पक्ष्यांना वास फारसा येत नाही असंच सगळे धरून चालले होते. नंतर पिसाच्याच अॅना गाल्यार्दो आणि सहकाऱ्यांनी समोरासमोर तुलना केली, काही कबुतरांची वासाची नस कापली आणि काहींची चोचीकडून मेंदूकडे जाणारी नस, जिच्यातून चुंबकीय माहिती जाते असं मानत होते. दुसरा गट व्यवस्थित घरी आला, पहिल्या गटातली बहुतेक कबुतरं आलीच नाहीत.

कल्पना अशी की पिल्लू ढाबळीत वाढत असताना वारा रोज वेगवेगळ्या दिशेने वेगवेगळे वास आणतो, एका बाजूने समुद्राचा, दुसरीकडून जंगलाचा किंवा शहराचा, आणि कुठल्या वाऱ्यासोबत कुठला वास येतो हे त्याच्या डोक्यात बसतं. पुढे कुठे नेऊन सोडलं की तिथला वास सांगतो की अरे हा तर दक्षिणेकडून येणारा वास, म्हणजे मी घराच्या दक्षिणेला आहे, उत्तरेकडे निघायला हवं, आणि मग सूर्य किंवा चुंबक उत्तर दाखवतो. वारा अडवलेल्या बंद जागेत वाढवलेल्या कबुतरांना हे जमत नाही. म्हणून हवेशीर ढाबळ ही नुसती आरोग्याची गोष्ट नाही. हजार किलोमीटरवर हे नेमकं कसं पुरतं यावर अजून वाद आहेतच.

घराच्या जवळ आलं की डोळे. ऑक्सफर्डजवळ आणि रोमजवळ कबुतरांच्या पाठीवर जीपीएस लावून बघितलं तर ती चक्क हायवे धरून उडताना सापडली, काही तर एक्झिटपर्यंत जाऊन मगच वळली. सरळ रेषेत गेलं तर अंतर कमी पडलं असतं, तरी प्रत्येक कबुतराचा स्वतःचा ठरलेला रस्ता असतो आणि ते तोच परत परत वापरतं. एक जुना प्रयोग तर कमालच आहे, कबुतरांना धुरकट कॉन्टॅक्ट लेन्स लावल्या, लांबचं काहीच नीट दिसत नाही, तरी त्यातली काही घराच्या अगदी आसपास येऊन पोचली. शेवटचा टप्पा मात्र नजरेशिवाय कठीण.

एवढी सगळी साधनं असूनही कधीकधी सगळं कोसळतं. 29 जून 1997 ला ब्रिटनच्या रॉयल पिजन रेसिंग असोसिएशनच्या शताब्दीची रेस फ्रान्समधल्या नांतहून सुटली, 60,000 च्या आसपास कबुतरं, आणि त्यातली हजारो कधी परतलीच नाहीत. अमेरिकन भूशास्त्रज्ञ जोनाथन हॅगस्ट्रम यांचं म्हणणं असं की कबुतरं माणसाला ऐकू न येणारा अतिखोल आवाज ऐकतात आणि त्यावरून रस्ता शोधतात, आणि त्या दिवशी पॅरिसहून निघालेल्या, आवाजापेक्षा जास्त वेगाने उडणाऱ्या कॉन्कॉर्ड विमानाच्या धमाक्याची लाट इंग्लिश खाडीवर त्यांच्या वाटेत आडवी आली. सगळ्यांना हे पटलेलं नाही. पण हजारो घरी लोक आकाशाकडे बघत बसलेत आणि काहीच येत नाहीये, याची कल्पना करूनही पोटात खड्डा पडतो.

आणि कबुतर एवढं जिवाच्या आकांताने परत का येतं? जोडीदार, अंडी, पिल्लं, स्वतःची खोपटी. पाळणारे याचाच उपयोग करतात, नर-मादीला आठवडाभर वेगळं ठेवतात आणि बास्केटमध्ये घालण्याआधी थोडा वेळ भेटू देतात. चीनमध्ये 2017 च्या एका रेसमध्ये दोघांनी या घराच्या ओढीवरच डाव रचला. त्यांनी कबुतरांना दोन घरांची सवय लावली, एक शांघायचं आणि एक रेस सुटते त्या शांगच्यूचं, कबुतरं सुटल्यावर तिथल्याच घरी गेली, मग यांनी दुधाच्या खोक्यांत भरून बुलेट ट्रेनने शांघायला आणली आणि पहिले चारही नंबर मारले. वेळ इतकी अशक्य होती की पकडले गेले आणि कोर्टात शिक्षा झाली. पैसा तेवढा आहे त्यात, 2020 मध्ये न्यू किम नावाची बेल्जियमची मादी लिलावात 16 लाख युरोला गेली.

आपल्या देशात ओडिशा पोलिसांनी 1946 पासून बेल्जियन होमर निरोपासाठी ठेवले होते, आणि चेन्नई, बंगळुरूकडे आजही होमरच्या रेस होतात. महाराष्ट्रात जास्त करून गिरेबाज, म्हणजे कोण किती तास हवेत राहतं, तो वेगळा खेळ. तरी कधी तुमच्या गॅलरीत दोन्ही पायांत रिंग असलेलं, दमलेलं, माणसाला फारसं न घाबरणारं कबुतर येऊन बसलं तर तो पारवा नाही, वाट चुकलेला किंवा थकलेला होमर असू शकतो. हाकलू नका, पिंजऱ्यात पण कोंडू नका. वाडग्यात पाणी ठेवा, ते सगळ्यात आधी, सोबत मूठभर कच्ची ज्वारी नाहीतर मूग, ब्रेड देऊ नका. एक-दोन दिवसांत ताकद आली की बहुतेकदा आपणहून निघून जातं, नाहीच गेलं किंवा जखमी असलं तर रिंगवरचा नंबर आणि अक्षरं लिहून घ्या, कबुतरं पाळणारा कोणी ओळखीचा असेल तर तो त्यावरून मालक शोधू शकतो.