खिशातला कांदा ऊन अडवत नाही

एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांद्याचे ट्रॅक्टर लासलगाव, पिंपळगावच्या बाजार समित्यांकडे निघाले, की "खिशात कांदा ठेव, ऊन लागणार नाही" हा सल्ला नाशिककडे घरोघरी ऐकू येतो. पुरावा काय, तर संध्याकाळी कांदा मलूल होतो, म्हणजे त्याने उष्णता ओढून घेतली! तो मलूल होतो कोरड्या हवेने आणि अंगाच्या उबेने.

शरीर गार होतं ते घाम वाळताना. त्यासाठी पाणी आणि मीठ पोटात जायला हवं. भाकरीबरोबर कांदा जरूर खा, पण एका कांद्यातून पाणी मिळून मिळणार किती? तहानेची वाट न बघता घोट घोट पाणी, ताक घेत राहा. फार घाम गेला असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ; मीठ अंदाजाने वाढवू नका. हृदयाचे, किडनीचे रुग्ण आणि लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी प्रमाण डॉक्टरांनाच विचारावं.

मला काळजी वाटते ती कांद्याच्या भरवशावर चक्कर अंगावर काढणाऱ्यांची. अंग तापून ४० अंशांच्या वर गेलं, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात. लगेच १०८ ला फोन करा, सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका, आणि तळपायांना कांदा चोळण्यात वेळ तर मुळीच घालवू नका.