मुंबईचा हॉकी संघ आणि ‘व्यावसायिक’ या शब्दाचा गुंता

डिसेंबर २०२४ मध्ये देशातली हॉकी लीग सात वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सुरू झाली. पुरुषांचे आठ संघ होते. बंगाल होता, तमिळनाडू होता, हैदराबाद होतं, दिल्ली होती. मुंबई नव्हती. महाराष्ट्रातूनच एकही संघ नव्हता. गंमत वाटावी अशी गोष्ट नाही ही, कारण खंड पडण्याआधीच्या शेवटच्या मोसमात, म्हणजे २०१७ मध्ये, मुंबईचा संघ थेट अंतिम सामना खेळला होता. तो संघ परत येईल का आणि आला तर टिकेल का, हा विषय ठाणे-नवी मुंबईत जिथे जिथे हॉकी खेळणारं पोर आहे तिथे आजही निघतो. आणि निघाला की दोन गोष्टींची हटकून गल्लत होते.

पहिली गल्लत नावाची. ‘मुंबईचा संघ’ असा एकच संघ कधी नव्हता. आगाखान करंडक १८९६ मध्ये सुरू झाला तेव्हापासून इथे हॉकी आहे, १९८२ चा विश्वचषक इथे झाला, रेल्वे आणि मोठ्या कंपन्यांच्या संघांनी या शहराचं हॉकी जगवलं. हे सगळं परत सांगायची गरज नाही. पण शहराच्या नावाने पैसे घेऊन खेळणारा संघ ही गोष्ट २००५ नंतरची आहे, आणि तेव्हापासून २०१७ पर्यंत चार वेगवेगळे संघ झाले : मराठा वॉरियर्स, मुंबई मरीन्स, मुंबई मॅजिशियन्स आणि दबंग मुंबई. लीग वेगळी, मालक वेगळे, जर्सी वेगळी. एकाच्या पराभवाचा हिशेब दुसऱ्याच्या खात्यावर मांडून ‘मुंबईचा संघ कायम तळालाच असतो’ असं जे बोललं जातं, ते त्यामुळे अर्धंच खरं आहे.

मराठा वॉरियर्सचा नायक खडकीचा धनराज पिल्ले, त्या काळात देशातला सगळ्यात लाडका आघाडीवीर. तरी त्यांच्या लीगचा, म्हणजे प्रीमियर हॉकी लीगचा, पहिला मोसम संपूर्णपणे हैदराबादला झाला. आपल्या प्रेक्षकांसमोर एकही सामना न खेळता हा संघ मुंबई-महाराष्ट्राचा म्हणवला गेला. त्या लीगने सामना चार भागांत खेळवायचा प्रयोग केला होता. आंतरराष्ट्रीय हॉकीने पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग स्वीकारले ते २०१४ मध्ये, हे त्या लीगच्या बाजूने नोंदवायला हवं. २००८ मध्ये भारत ऑलिंपिकसाठी पात्र ठरला नाही, तेव्हाच्या राष्ट्रीय संघटनेवर निलंबनाची कारवाई झाली आणि लीगही बुडाली. मग २०१२ मध्ये दुसरीच लीग आली. तिला आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता नव्हती, तिचा एकच मोसम झाला. मुंबई मरीन्सचं आयुष्य तेवढंच. त्याच स्पर्धेत पुण्याचा संघ अंतिम फेरीत पोहोचून पंजाबकडून ५-२ असा हरला, हे आता पुण्यातही फारसं कुणाला आठवत नसेल.

मुंबई मॅजिशियन्सची गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. २०१३ च्या जानेवारीत मान्यताप्राप्त लीग सुरू झाली, २०२४ मध्ये परतली तीच, तेव्हा पाच संघांची. मुंबईकडे ऑस्ट्रेलियाचा नावाजलेला प्रशिक्षक होता. चार खेळाडू पाकिस्तानचे होते, लीगमधल्या एकूण नऊपैकी सर्वाधिक. त्याच सुमारास नियंत्रण रेषेवर भारतीय जवान मारले गेले, देशभर संताप होता, आणि चर्चगेटच्या मैदानावर सराव चालू असताना निदर्शनं झाली. दोन दिवसांत नऊही खेळाडू घरी पाठवले गेले. निर्णय योग्य की अयोग्य यावर दोन्ही बाजूंनी तेव्हा खूप लिहिलं गेलं. माझं म्हणणं एवढंच, की त्याची सगळ्यात मोठी किंमत एका संघाने मोजली आणि ती भरून द्यायची जबाबदारी कुणीच घेतली नाही. लिलाव झालेला, आखणी झालेली, आणि स्पर्धेच्या तोंडावर चार जण गेले. तो संघ पाचांत पाचवा आला. तरीही त्या मोसमात सर्वाधिक, म्हणजे ११ गोल करणारा खेळाडू याच तळाच्या संघाचा होता. पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलजवळच्या नियमभंगाबद्दल मिळणारा फटका, मिळाला तर गोल, नाही तर काही नाही, अशी ती अवस्था. २०१४ मध्येही उपांत्य फेरी हुकली. त्यानंतर मॅजिशियन्स हे नाव संपलं.

आता दुसरी गल्लत, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. ‘व्यावसायिक’ हा शब्द.

मराठीत हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळून टाकतो. खेळावर ज्याचं पोट आहे तो व्यावसायिक खेळाडू. आणि ज्यात पैसा गुंतवून नफा-तोटा पाहिला जातो तो व्यावसायिक संघ. यातला फरक ठाण्याच्या गडकरी रंगायतनला किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहाला नेमाने जाणाऱ्या प्रेक्षकाला चटकन कळेल. व्यावसायिक नाटक म्हणजे निर्मात्याचं नाटक. नट प्रयोगाची ‘नाइट’, म्हणजे मानधन, घेतो, पण वर्षानुवर्षं कित्येक नटांचं घर चाललं ते बँकेतल्या, महापालिकेतल्या, सरकारी कचेरीतल्या नोकरीवर. नाटक व्यावसायिक, नट नोकरदार. निर्मात्याने प्रयोग थांबवले की संच पांगतो. कुणी दुसऱ्या नाटकात जातो, कुणी पुन्हा पूर्णवेळ कचेरीत.

हॉकीची लीग हुबेहूब याच वळणाची आहे. भारतातला चांगला हॉकीपटू रेल्वेत असतो, पेट्रोलियम कंपनीत असतो, पोलिसांत असतो, सैन्यात असतो. त्याचा पगार, बढती, आजारपणाची सोय, खेळणं संपल्यावरची खुर्ची, सगळं तिथून येतं. लीगचा मोसम साधारण पाच आठवड्यांचा. २०२४ च्या लिलावात पुरुषांच्या प्रत्येक संघाला २४ खेळाडू घ्यायला चार कोटी रुपयांची मर्यादा होती, म्हणजे सरासरी काढली तर माणशी साडेसोळा लाखांच्या आसपास. रक्कम लहान नाही, पण ती सरासरी आहे. सगळ्यात महागडा खेळाडू ७८ लाखांना गेला, तेव्हा यादीच्या तळाशी काय उरत असेल याचा अंदाज करता येतो. शिवाय लीगच बंद पडली तर तेवढंही नाही.

म्हणून ‘संघ व्यावसायिक आहे, मग खेळाडू सोडून का जातात’ किंवा ‘व्यावसायिक संघ असूनही शहरात मुळं का धरत नाही’ हे प्रश्न मुळातच चुकीच्या अर्थावर उभे आहेत. मुंबईचे चारही संघ दुसऱ्या अर्थाने व्यावसायिक होते, पहिल्या अर्थाने एकही नाही. त्यांचा वर्षभराचा सराव नव्हता, स्वतःचं मैदान नव्हतं, कनिष्ठ गट नव्हता. मॅजिशियन्स आणि दबंगचे खेळाडू तर लिलावातून येत, मग ते कुठल्याही गावचे असोत. चर्चगेटजवळ वाढलेले, चाळीत राहून भारताकडून खेळलेले दोन भाऊ लीगमध्ये एक दिल्लीकडून आणि दुसरा ओडिशाच्या कलिंगाकडून खेळलेले आपण पाहिले. त्यात त्यांचा काही दोष नाही. लिलावात बोली लावणाऱ्याने शहर बघावं अशी सोयच नव्हती. पण आपल्या गल्लीतला मुलगा समोरच्या संघात आणि आपल्या संघात सगळे अनोळखी, तर प्रेक्षकाने टाळी कुणासाठी वाजवायची?

आणि इतकं असूनही चौथा संघ घडला. दबंग मुंबई २०१५ मध्ये आला. पहिले दोन मोसम त्यालाही उपांत्य फेरी गाठता आली नाही, आणि ‘नाव बदललं, नशीब नाही’ असं तेव्हा बोललं जायचं. पण या संघाने एक शहाणपण केलं, तरुण खेळाडूंवर पैसे लावले. पंजाबचा एक कोवळा ड्रॅगफ्लिकर, म्हणजे पेनल्टी कॉर्नरवर गोल मारणारा खेळाडू, त्यांनी ५१ हजार डॉलरला घेतला आणि त्याला खेळवत ठेवलं. २०१७ च्या मोसमात मी ऐरोलीहून भाचीला घेऊन दोनदा चर्चगेटच्या मैदानावर गेलो. ती तेव्हा शाळेच्या संघात खेळायची, लोकलमध्येही स्टिक हातातून सोडायची नाही. ठाण्याला गाडी बदला, सीएसएमटीला उतरा, तिथून चालत जा, रात्री तसंच परत. तिला मुंबईच्या जर्सीतली चार-पाच नावं पाठ झाली होती. एका संघाकडून तीन वर्षांत जेवढं व्हावं तेवढं होत होतं.

त्या वर्षी फेब्रुवारीत अंतिम सामना चंडीगडला झाला. कलिंगाने ४-१ असं हरवलं. तेव्हा लीगमध्ये मैदानी गोलला, म्हणजे चालू खेळात मारलेल्या गोलला, दोन गोल धरत, त्यामुळे हा आकडा दिसतो तितका एकतर्फी नाही. पण मुंबईला मैदानी गोल एकही जमला नाही हेही त्याच आकड्यातून दिसतं. जुनंच दुखणं. तरीही तिसऱ्या वर्षी उपविजेता ठरलेल्या संघाला चौथ्या वर्षी भविष्य नाही असं कुणी म्हटलं नसतं. चौथं वर्षच आलं नाही. २०१८ चा मोसम होणार नाही असं जाहीर झालं, मग पुढचाही झाला नाही, असं करत सात वर्षं गेली. संघ हरून संपला नाही, लीग थांबली म्हणून संपला.

तो ड्रॅगफ्लिकर, हरमनप्रीत सिंग, पुढे भारताचा कर्णधार झाला. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये भारताने कांस्यपदक जिंकलं तेव्हा स्पर्धेत सर्वाधिक दहा गोल त्याचे होते. लिलावात ७८ लाखांना गेलेला तो हाच. पंजाबच्या संघाने त्याला घेतलं. मुंबईचा बोली लावणारा तिथे कुणी नव्हताच.

जुन्या लीगमधलं एकच नाव नव्या लीगमध्ये जसंच्या तसं परतलं, कलिंगाचं. यात आश्चर्य नाही. तो संघ सुरुवातीला सरकारी कंपन्यांच्या पाठबळावर उभा राहिला. २०१८ पासून ओडिशा राज्य भारतीय हॉकी संघांचं प्रायोजक आहे, लागोपाठ दोन पुरुष विश्वचषक तिथे झाले, राउरकेल्याला नवं स्टेडियम उभं राहिलं. लीग बंद असतानाच्या वर्षांत तिथलं हॉकी बंद नव्हतं. नाव ठेवायला जागा होती, म्हणून नाव राहिलं. मात्र लीग परतली म्हणजे सगळं सुरळीत झालं असंही नाही. पुरुषांचे बहुतेक सामने पहिल्या वर्षी राउरकेल्याला झाले, म्हणजे ‘घरचं मैदान’ पुन्हा कागदावरच. आणि दुसऱ्या मोसमाआधी उत्तर प्रदेशच्या संघाने अंग काढून घेतलं.

मुंबईपुरतं बोलायचं तर उदाहरण शोधायला ओडिशालाही जायला नको, नेरूळला गेलं तरी पुरे. मुंबईचा फुटबॉल क्लब २०१४ आणि २०१५ ही पहिली दोन वर्षं घरचे सामने नेरूळच्या स्टेडियमवर खेळला. दोन्ही वर्षं बाद फेरी हुकली. नंतर तो अंधेरीला गेला, २०१९ मध्ये मालकीतला मोठा हिस्सा परदेशी समूहाकडे गेला, पण नाव तेच राहिलं, पाठीराखे तेच राहिले, आणि २०२०-२१ मध्ये त्याने साखळीतलं अव्वल स्थान आणि करंडक दोन्ही जिंकलं. सुरुवातीचं अपयश हॉकी संघापेक्षा फार वेगळं नव्हतं. फरक असा की त्याला सातवं वर्ष मिळालं, आणि तेही त्याच नावाने.

त्याच नेरूळच्या मैदानावर २००८ मध्ये क्रिकेट लीगचा पहिला अंतिम सामना झाला, २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले, नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. मोठा खेळ मुंबई बेटावरच व्हायला हवा हा समज नवी मुंबईने केव्हाच खोटा ठरवला आहे. हॉकी मात्र गवतावर चालत नाही. ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद कृत्रिम टर्फ लागते, सामन्याआधी तिच्यावर पाणी मारावं लागतं, दुसऱ्या खेळासोबत ती वाटून घेता येत नाही. मरीन्स, मॅजिशियन्स आणि दबंग या तिघांचंही घर चर्चगेटच्या एकाच टर्फवर होतं, आणि त्या घरात ते भाडेकरू होते.

माझं उत्तर विचाराल तर मुंबईच्या संघाला भविष्य आहे, पण पुन्हा पाच आठवड्यांचा संच जमवला तर नाही. पाचवं नाव, पाचवी जर्सी, वर्षभर कुलूप, हे पुन्हा होणार असेल तर संघ न आलेला बरा. कदाचित दार आधी महिलांच्या बाजूने उघडेल. लीगची महिला स्पर्धा २०२५ च्या जानेवारीत पहिल्यांदा झाली, चारच संघ होते, महाराष्ट्रातला एकही नाही, आणि खेळाडू घेण्यासाठीची मर्यादा पुरुषांच्या निम्मी, दोन कोटींची होती. नव्या संघमालकाला सगळ्यात कमी खर्चात पाय रोवता येईल अशी जागा तीच आहे. भाची आता विद्यापीठाच्या संघात आहे, अजूनही ऐरोलीहूनच सरावाला जाते. परवा ती सांगत होती, २०२४ च्या लिलावात पुरुषांच्या प्रत्येक संघाला चार कनिष्ठ खेळाडू घ्यावेच लागले. ते चार संघाच्याच शहरातले असावेत, असं बंधन मात्र कुणावर नव्हतं.