तीनशेचा प्लॅन घेतला, तरी कॉल का अडकतो?

आमच्या ग्राहकांसाठी: राउटर बदलण्याआधी वाचायचं पान

‘प्लॅन शंभर एमबीपीएसचा होता, तीनशेचा केला, तरी पोराच्या क्लासचं चाक गोल गोल फिरतंय.’ फोनवर हे वाक्य ऐकलं की आम्ही आधी प्लॅनबद्दल नाही, घरात किती वस्तू वाय-फायवर आहेत ते विचारतो. कारण एका चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या एका ठरावीक पट्ट्यात, एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं, असा वाय-फायचा जुना नियम आहे. शेजाऱ्याचा राउटर त्याच चॅनेलवर असेल तर तोही याच रांगेत.

हिशेब बघा. १५०० बाइटचं एक पॅकेट, म्हणजे माहितीचा एक छोटा तुकडा, १२०० एमबीपीएसने पाठवायला लागतात फक्त १० मायक्रोसेकंद. पण त्याआधी हवा मोकळी आहे का ते ऐकायचं, नंबर येईपर्यंत थांबायचं, ‘मी बोलतोय’ अशी वर्दी द्यायची आणि शेवटी समोरून पोच घ्यायची. यात सहज शंभरावर मायक्रोसेकंद जातात. कांद्याची एकच गोणी टेम्पोत टाकून बाजार समितीच्या गेटवर रांग लावण्यासारखं झालं. टेम्पो कितीही जोरात पळवला तरी रांग काही लहान होत नाही.

म्हणून २००९ च्या मानकापासून, म्हणजे ज्याला आता वाय-फाय ४ म्हणतात तेव्हापासून, अनेक गोण्या, म्हणजे अनेक पॅकेटं, एका खेपेत भरायला सुरुवात झाली. आम्ही याला अ‍ॅग्रिगेशन म्हणतो. यातली खरी हुशारी भरण्यात नाही, पावतीत आहे. प्रत्येक गोणीवर वेगळी चिठ्ठी असते. वाटेत एखादी फाटली तर समोरचा पावतीवर तेवढ्या ओळीसमोर खूण करत नाही, आणि तेवढीच गोणी पुन्हा येते, अख्खा टेम्पो नाही. या पावतीवर वाय-फाय ५ पर्यंत ६४ गोण्यांची नोंद मावायची, ६ मध्ये २५६ आणि ७ मध्ये १०२४. मात्र एका खेपेने हवा साधारण साडेपाच मिलिसेकंदांपेक्षा जास्त अडवायची नाही, असं बंधन आहे. नाहीतर कुणाच्या तरी गेमच्या डाउनलोडमागे तुमचा कॉल ताटकळत बसला असता.

पण दारावरची बेल, कॅमेरे, बल्ब यांच्याकडे गोणीभर माल नसतोच, पाव किलोची पुडी असते. त्यांच्यासाठी वाय-फाय ६ ने एकाच टेम्पोत खण पाडले. २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलचे जास्तीत जास्त ९ खण होतात आणि ९ जणांचा माल एकदमच निघतो. अपलोडच्या वेळी ‘तू या खणात, तू त्या’ हे राउटरच सांगतो, म्हणजे आपसात धक्काबुक्की नाही. अट अशी की समोरची वस्तूही निदान वाय-फाय ६ ची हवी. शिवाय काही राउटरमध्ये ही सोय बंदच असते, ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते.

वाय-फाय ७ ची प्रमाणपत्रं जानेवारी २०२४ पासून मिळू लागली. त्यात एकच फोन दोन बँडशी, म्हणजे चॅनेलांच्या दोन वेगळ्या गटांशी, जोडलेला राहतो. एका रस्त्यावर गर्दी दिसली की माल दुसऱ्याने जातो. दुकानदार इथे बेरीज करून दाखवतात. खोक्यावर ‘३६००’ लिहिलेलं असतं, ते २.४ गिगाहर्ट्झचे ६८८ आणि ५ गिगाहर्ट्झचे २८८२ मिळवून, वर गोल करून. बरेचसे फोन दोन्ही बँडवर कान ठेवतात, पण माल एका वेळी एकाच बँडवरून नेतात. त्यामुळे तो आकडा तुमच्या हातातल्या फोनवर कधीच दिसणार नाही. कॉल कमी तुटतात, एवढा फायदा खरा, आणि आमच्या मते तोच पैसे मोजण्यासारखा आहे.

वाय-फाय ८ चं मानक २०२८ च्या सुमारास अपेक्षित आहे. त्यात एकाच जागेतले अनेक अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारी खोकी, आपसात ठरवून बोलतील: आधी तू, मग मी, किंवा दोघे एकदम पण आवाज बेताचा ठेवून. हॉस्टेल, मंगल कार्यालय, मोठा बंगला असेल तर याची वाट पाहण्यात अर्थ आहे. दोन खोल्यांच्या फ्लॅटसाठी थांबू नका.

आता घरातला खरा गुन्हेगार. एका घरी आतल्या खोलीत जुना टॅब सापडला, राउटरशी जेमतेम ६ एमबीपीएसने बोलणारा. त्याच १५०० बाइटला त्याला २००० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे चांगल्या फोनच्या दोनशेपट वेळ, आणि तेवढा वेळ सगळं घर थांबतं. आम्ही राउटर विकला नाही. टॅब २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर टाकला आणि टीव्हीला राउटरपासून केबल ओढून दिली. जो माल तारेने जातो तो हवेच्या रांगेत उभाच राहत नाही. तासाभराचं काम झालं, बिल फक्त केबल आणि मजुरीचं.

आम्ही यायच्या आधी घरात वाय-फायवर असलेल्या सगळ्या वस्तू कागदावर लिहून ठेवा. गीझरचा स्मार्ट प्लगसुद्धा. राउटरच्या तळाच्या स्टिकरचा फोटो पाठवा, पण त्यावर पासवर्डही छापलेला असतो, तेवढ्यावर बोट ठेवून फोटो काढा.